टाक्यात अळ्या दिसल्या? औषधाआधी बशी घ्या

भाद्रपदात पाऊस उघडीप देऊ लागला की परसातल्या कमळाच्या टाक्यातलं पाणी निवळतं आणि तळ दिसू लागतो. गाळात लालभडक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळतं आणि घरातून फर्मान सुटतं, "ओता औषध!" ओतू नका. फवारणीचं उरलेलं कीटकनाशक टाक्यात गेलं तर मासे, बेडकांची पिल्लं आणि डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्लं, सगळंच संपतं. डास मात्र बाहेरून येऊन पुन्हा अंडी घालतात, आणि आता त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं.

आधी तळाचा चमचाभर गाळ आणि वरचं थोडं पाणी पांढऱ्या बशीत घ्या, उन्हात धरा. लाल, बोटाच्या पेरापेक्षा लहान, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळसे घेत पोहणारी ती चिलटासारख्या एका माशीची अळी. तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही ती तग धरते. तिची माशी डासासारखी दिसते, संध्याकाळी दिव्याभोवती घोंगावते, पण चावत नाही. टाक्यातल्या माशांना ही अळी म्हणजे आयतं खाद्य. गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे, धक्का लागताच आत ओढले जाणारे बारीक लाल धागे दिसले तर ते ट्युबिफेक्स नावाचे गाळातले किडे, तेही निरुपद्रवी.

खरी काळजी पाण्याच्या वरच्या थरातल्या अळीची. डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर, अशी तिरकी लटकते आणि आपली सावली पडली की झटक्यात तळाकडे पळते, ती डासाची. मलेरियाच्या डासाची अळी मात्र पाण्याला समांतर, आडवी पडून असते. सोबत स्वल्पविरामासारखे कोश दिसले तर डास एक-दोन दिवसांत उडणारच, म्हणून त्याच दिवशी जाळीने गाळून काढा. उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एक वार ठरवून टाकं, माठ, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं तपासा. ताटल्या नुसत्या उपड्या करून भागत नाही, घासा. एडिसची, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाची, अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने जिवंत राहतात.

टाक्यात गप्पी मासे सोडा, पण ओढ्यात किंवा नदीत नको, तिथे ते देशी माशांच्या वाट्याचं खातात. मासे नसतील तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध लेबलवरच्या मात्रेत वापरा. ते अळीच्या पोटात जावं लागतं, म्हणून काहीही न खाणाऱ्या कोशांवर चालत नाही.

लाल अळ्या फारच झाल्या असतील तर फणस-आंब्याचा पाला तळाशी कुजतोय आणि माशांना खाणं जास्त पडतंय, असं समजा. तिसरा हिस्सा गाळ काढून केळीच्या बुंध्याला घाला. सगळा काढू नका. एकदा मी हौसेने टाकं खरवडून लख्ख केलं, तर महिनाभर पाणी हिरवंगार राहिलं आणि कमळाने कळीही धरली नाही.

हात घालताना जळू चिकटली तर ओढू नका. नखाने दोन्ही टोकं एकेक करून सोडवा आणि जखम साबणाने धुवा.