मॅडोनाची 'द इमॅक्युलेट कलेक्शन' कशी ऐकावी

सई, रामबागेतल्या घरातून मॅडोनाची ही सीडी तू खुशाल ने, पण मावशीचं एक ऐक. मोबाइलच्या ब्लूटूथ डब्यावर लावू नकोस. १९९० साली आलेला हा मॅडोनाच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह क्यूसाउंड पद्धतीने मिक्स केलाय. दोनच स्पीकरमधून आवाज अगदी बाजूने आल्यासारखा वाटावा, हीच त्यातली करामत. म्हणून दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे ठेव. त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर, बरोबर मधोमध बस. डावी-उजवी वायर तपासून घे. बास वाढवू नकोस.

गाणी १७. बहुतेक सगळी काळानुसार लागतात, १९८३ च्या 'हॉलिडे'पासून, म्हणून शफल बंद. हे 'हॉलिडे' मूळ अल्बममध्ये सहा मिनिटांचं आहे, इथे चारच मिनिटांचं. दोन्ही लागोपाठ ऐक. कात्री कुठे चालली ते आपोआप कळतं, आणि मला तर मूळचंच जास्त आवडतं. शेवटची दोन गाणी तेव्हा नवीन होती, ती गाळू नकोस.

सकाळी पोहे-जिलबी आटोपून, हात धुऊनच सीडीला हात लाव. पुसायची तर मधून कडेकडे, गोल नाही.