माळा रिकामा करायचाय? मे महिन्यात करा, आणि एकट्यानं करू नका

लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, सरळ गॅरेज सेल लाव." मी ते ह्यांना सांगितलं, तर पेपरातनं मान वर न काढता ह्यांनी विचारलं, "कुठल्या गॅरेजात? उद्यमनगरात काय?" बरोबरच आहे. आपल्याकडं गॅरेज म्हणजे फिटर, ऑइलनं काळे झालेले हात आणि "उद्या या" हे उत्तर. घरातलं जुनं सामान दारात मांडायचं, त्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि आल्यागेल्याला विकायचं, हे आमच्या पेठेत तरी मी कधी बघितलं नव्हतं. आता माझं दोनदा करून झालंय. पहिल्यांदा फजिती झाली, दुसऱ्यांदा जमलं. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी सोप्यात आलं तेव्हा हाताला लागेल ते माळ्यावर चढवलं. उतरवू उतरवू म्हणेपर्यंत २०२१ चा जुलै आला आणि उरलंसुरलंही वर गेलं. पुरात वर गेलेलं सामान पाणी उतरलं तरी खाली येत नाही. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर कशाला हात लावायची सोय नव्हती. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि मग मी शिडी लावली. दोन पितळी बंब, चार स्टोव्ह, शिंकाळं, पाटा-वरवंटा, जातं, बिस्किटांचे सतरा रिकामे डबे, कॅसेटींचं खोकं. स्टीलची भांडी किती, ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

पहिली विक्री दिवाळीच्या तोंडावर, रविवारी सकाळी दहाला, मी एकटीनं लावली. दारात पुठ्ठा टांगला: 'जुने सामान विकणे आहे'. दीड वाजेपर्यंत तिघं आले. एकानं विचारलं, घर विकून चाललाय काय. एका बाईंनी सामानाकडं बघितलंच नाही, माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "सगळं ठीक आहे न्हवं?" तिसरा भंगारवाला. त्यानं सगळ्याचे मिळून आठशे सांगितले.

वेळ चुकली होती हे तर उघडच. कोल्हापुरात रविवारी दहा ते दोन माणूस मटणाच्या रांगेत असतो, नाहीतर रश्श्याच्या पातेल्यापाशी. त्यात दिवाळीच्या तोंडावर जो तो स्वतःचं घर आवरत असतो, दुसऱ्याचं जुनं आणायला कोण येतंय? पण खरी चूक एकटीनं करण्याची. एका घराचं सामान दारात आलं की लोकांना वाटतं ह्यांच्यावर वेळ आली. पाच घरांचं आलं की तो बाजार होतो, आणि बाजारात भाव करायला कुणी लाजत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी आमच्या भिशीतल्या पाचजणी एकत्र आलो. जागा जाऊबाईंच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घेतली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना आठ दिवस आधी सांगितलं आणि दोन दिवस गाड्या बाहेर लावायची विनंती केली. रस्त्यावर मांडायच्या फंदात पडू नका. त्याला महापालिकेची परवानगी लागते, आणि येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षांची बोलणी खावी लागतात ती वेगळी.

पाच घरांचा हिशेब एकत्र कसा ठेवायचा, ह्यावर आमच्यात पहिली वादावादी झाली. शेवटी उपाय निघाला तो सोपा. प्रत्येक घराला एक रंग. माझ्या चिठ्ठ्या पिवळ्या, जाऊबाईंच्या हिरव्या, असं. चिठ्ठीवर फक्त किंमत. वस्तू विकली की चिठ्ठी सोलून काढायची, वहीत त्या रंगाच्या पानावर चिकटवायची, आणि भाव कमी केला असेल तर शेजारी पेननं खरी रक्कम लिहायची. गल्ला एकच, त्यावर एकच माणूस. आमच्यात एक जण बँकेतनं रिटायर झालेली, तिला बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच पानांच्या बेरजा केल्या तर गल्ल्यात वीस रुपये जास्त निघाले. ते कुणाचे, ह्याचा शोध अजून चालू आहे.

आता महिना. मे महिन्याचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा. परीक्षा संपलेल्या असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि जूनमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना कॉट, टेबल, बादली, फॅन हे सगळं लागतं. लग्नसराई असते, पण ती आडवी येत नाही. पावसाळ्यात तर नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आमच्या भागातला प्रत्येक माणूस स्वतःचंच सामान वर चढवायला लागतो, आणि ४३ फुटांची धोका पातळी दिसायला लागली की नातेवाइकांना फोन. त्यावेळी कॉट कोण घेणार? पितृपक्षात आणि अमावास्येला लोक जुनीसुद्धा वस्तू घरात नेत नाहीत. नवरात्रात आमच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही. एकच लक्षात ठेवा, मेमध्ये चारच्या सुमाराला वळीव कधीही येतो, त्यामुळं डोक्यावर पक्कं छत पाहिजे. ताडपत्रीच्या भरवशावर राहू नका.

वेळ ठेवली शनिवारी दुपारी चार ते आठ आणि रविवारी सकाळी सात ते साडेदहा. रविवारी सकाळी रंकाळ्यावरून फिरून येणारी माणसं पायात बूट आणि हातात मोकळा वेळ घेऊन येतात. आमची निम्मी विक्री त्या साडेतीन तासांत झाली. प्रसिद्धी म्हणाल तर गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप, भिशी, आणि ह्यांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तोंडी सांगितलं तेवढीच. ग्रुपवर फोटो टाकताना 'जुने सामान' असं मोघम लिहू नका. 'पितळी बंब, शिलाई मशीन, लोखंडी कॉट, पाच घरांचे सामान' असं लिहिलं तर माणूस नेमकं ते शोधत येतो.

सामान उपसायला पंधरा दिवस तरी हाताशी ठेवा. उपसताना प्रत्येक ट्रंक तळापर्यंत रिकामी करा, प्रत्येक साडीची घडी मोडा, प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. आत्तींच्या एका इरकलीच्या घडीत पाचशेच्या सात नोटा निघाल्या, सगळ्या २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बाद झालेल्या. त्या दिवसांत आम्ही बँकेच्या रांगेत उभं राहून घरातल्या नोटा बदलून आणल्या होत्या, आणि ह्या बाईनं आम्हाला पत्ता लागू दिला नाही. दुसऱ्या ट्रंकेत सातबाऱ्याचा उतारा आणि एक जुनी विमा पॉलिसी. ही ट्रंक मी तशीच भंगारात देणार होते.

काय विकायचं नाही तेही आधीच ठरवा. गॅसची शेगडी विका, सिलिंडर विकू नका. तो कंपनीचा असतो. कनेक्शन नको असेल तर एजन्सीत परत करून अनामत घ्यायची. जुना फोन, कॉम्प्युटर आतलं सगळं पुसल्याशिवाय देऊ नका. आणि जुन्या घरांत भिंतीवर सांबराची शिंगं असतात, ती चुकूनही मांडू नका. आमच्यातल्या एकीनं मांडली होती. एका गिऱ्हाइकानं भाव विचारलासुद्धा. तेवढ्यात तिचा मुलगा आला, तो वकिली करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असली वस्तू विकणं हा गुन्हा आहे म्हणाला आणि चादरीत गुंडाळून घेऊन गेला. आता त्याचं काय करायचं ते वन खात्याला विचारून.

पुराच्या पाण्यात बुडालेली वस्तू असेल तर तोंडानं सांगा. प्लायवूडचं कपाट खालनं फुगलेलं असतं ते दिसतंच, पण फ्रिजची मोटर दिसत नाही. आपण एकाच गावात राहतो, उद्या तोच माणूस महाद्वार रोडला समोर येतो. विजेच्या वस्तूंसाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड लावून ठेवा आणि चालू करून दाखवा. फिरणारा मिक्सर तीनशेला गेला, तसलाच न लावलेला कुणी पन्नासलाही घेईना.

पितळ-तांब्याचं वेगळं बोलायला पाहिजे. भांडी घरी वजन करून ठेवा आणि आदल्या दिवशी दोन दुकानांत मोडीचा दर विचारून या. तो आकडा म्हणजे तळ, त्याच्या खाली यायचं नाही. पण सगळंच मोडीच्या भावानं देऊ नका. पहिल्या तासात जे येतात ते बहुतेक व्यापारी. ते बंब उचलून बघतात, वजनाचा अंदाज घेतात आणि "सगळं मिळून किती?" असं विचारतात. सगळं मिळून काही सांगायचं नाही. माझा मोठा बंब, आतली नळी आणि जाळी शाबूत असलेला, एका हॉटेलवाल्यानं रविवारी मोडीच्या जवळजवळ दीडपट देऊन नेला. त्याला तो दारात झाड लावून ठेवायचाय. आत्तींनी त्यावर चाळीस वर्षं पाणी तापवलं. मी काही बोलले नाही, पैसे मोजून घेतले.

जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नका, निदान सगळ्या तरी. ती दहा साड्यांवर एक पातेलं देते, म्हणजे घर रिकामं करायला निघालेल्या बाईच्या घरात परत भांडंच. वाकळ शिवणाऱ्या बायकांना मऊ झालेलं लुगडं लागतं, नवं कापड सुईला जड जातं. लुगडी चार-चारचे गठ्ठे बांधून शंभरला लावली, तासाभरात संपली.

आणि आता स्टीलची भांडी. आपल्याकडं प्रत्येक भांड्यावर नाव असतं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कुठल्या तारखेला. विकायला काढण्याआधी एकेक भांडं उजेडाला धरून कड वाचा. मी वाचली नाही. शनिवारी संध्याकाळी ह्यांच्या आत्या आल्या. सहज बघायला म्हणून आल्या, एक पातेलं उचललं, चष्मा वर केला, कड फिरवत फिरवत वाचली. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव, आमच्या लग्नाची तारीख आणि 'सप्रेम भेट'. वर माझी पिवळी चिठ्ठी, ६० रुपये. मी म्हटलं, "आत्या, ते चुकून आलंय." त्यांनी पाकिटातनं साठ रुपये काढले, गल्ल्यावर ठेवले, पातेलं पिशवीत घातलं आणि चहा न घेता गेल्या. घासूनही नाव पूर्ण जात नाही, पुसट राहतंच. त्यामुळं नाव असलेली भांडी एक तर देणाऱ्याला विचारून काढा, नाहीतर गावाबाहेरच्या कुणाला तरी द्या. दिवाळीला आत्यांकडनं फराळ आला, त्याच पातेल्यात. चकल्या नेहमीसारख्याच खुसखुशीत होत्या. पातेलं परत पाठवायचं का ठेवायचं, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

किमतीचा माझा अनुभव असा, की फुकट ठेवलेल्या खोक्याकडं कुणी बघत नाही. 'मोफत घ्या' लिहिलेल्या कॅसेटी शनिवारी जशाच्या तशा राहिल्या, रविवारी १० रुपयांना दोन असं लिहिलं तर एका कॉलेजच्या पोरानं बारा नेल्या. बाकी, चालू स्थितीतल्या वस्तूला नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं किंमत लावा आणि त्यातले वीस टक्के "जमवा की मावशी" साठी मनात धरून ठेवा. दहा-वीसच्या नोटांची पुडकी आधी आणा. फोनवरनं पैसे देणाऱ्याचा स्क्रीन बघून मान हलवू नका, आपल्या फोनवर जमा झाल्याचं बघा, मग पिशवी द्या.

जड सामान उचलायला तालमीतल्या चार पोरांनी शब्द दिला होता. शनिवारी शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती, पोरं तिकडं. मॅच संपेपर्यंत गोदरेजचं कपाट पार्किंगच्या तोंडाशी आडवं, आणि गिऱ्हाईक त्याला वळसा घालून आत. फुटबॉलच्या हंगामात मदतीची वेळ ठरवताना आधी सामन्यांचं वेळापत्रक बघत जा.

उरलेलं सामान परत वर चढवायचं नाही, हे मात्र पाचजणींनी आधीच ठरवलं होतं. रविवारी अकरा वाजता टेम्पो सांगून ठेवला होता. लोखंड आणि रद्दी भंगारात, कपडे ज्यांनी मागितले त्यांना. पुस्तकांतली चांगली बाजूला काढून करवीर नगर वाचन मंदिरात विचारायचं ठरलं. माझ्या पिवळ्या पानाची बेरीज ११,३४० झाली. त्यातनं टेम्पोचं भाडं आणि दोन दिवसांच्या चहा-भज्यांचा माझा हिस्सा वजा.

जातं कुणी घेतलं नाही. त्याला ५०० ची चिठ्ठी होती, ती दुपारी मीच काढली, कारण शेजारच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात आणि हळद दळायच्या दिवशी त्यांना ते हवं होतं. तेव्हापासून ते जाऊबाईंच्या पार्किंगमध्येच आहे, जिन्याखाली. लग्न निघालं की कोणीतरी दोघं येतात, उचलून नेतात, आणि हळद लागलेलं परत आणून ठेवतात.