बेशुद्ध रुग्णाचा श्वासमार्ग कसा सांभाळावा: रुग्णवाहिका पथकासाठी

रुग्णापाशी पोहोचल्यावर किटची चेन उघडण्याआधी त्याच्याशी बोलावे. त्याने स्पष्ट आवाजात पूर्ण वाक्य उच्चारले, तर श्वासमार्ग मोकळा आहे, हवा आत-बाहेर होते आहे आणि मेंदूपर्यंत निदान या घडीला रक्त पोहोचते आहे, एवढे सगळे त्या एका उत्तरातून कळते. जो दोन-दोन शब्दांवर अडतो आणि हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसलेला असतो, त्याला स्ट्रेचरवर आडवे करण्याचा आग्रह धरू नये. श्वास घेता यावा म्हणूनच तो तसा बसलेला असतो.

उत्तर आले नाही, तर श्वासमार्ग उघडून आपला गाल त्याच्या नाकातोंडाजवळ न्यावा, नजर छातीवर ठेवावी आणि छाती हलते का, आवाज येतो का, गालाला हवेचा स्पर्श होतो का हे पाहतानाच मानेतील नाडी तपासावी. या सगळ्याला 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. मध्येच तोंड उघडून दिलेले आचके अनेकांना श्वास वाटतात आणि तिथेच मोलाची मिनिटे निघून जातात. ते हृदय बंद पडल्याचे लक्षण असते आणि अशा वेळी लगेच छाती दाबण्यास सुरुवात करावी लागते.

नव्या सहकाऱ्याला मी उपकरणांआधी आवाज ओळखायला शिकवतो. घोरल्यासारखा आवाज बहुधा जीभ मागे पडल्यामुळे येतो, गुळगुळ म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा लाळ साचली आहे, श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज स्वरयंत्राच्या आसपासचा मार्ग अरुंद झाल्याचे सांगतो, तर श्वास सोडताना ऐकू येणारी शिट्टी बहुतेक वेळा खालच्या श्वासनलिकांतली असते. सर्वांत जास्त भीती शांततेची बाळगावी. धाप तशीच असताना, रुग्ण थकत चाललेला असताना आवाज थांबला, तर तो सुधारला असे समजू नये, कारण आवाज करण्याइतकीही हवा आता आत जात नसते. छाती आत ओढली जाते आणि त्याच वेळी पोट वर येते, असे दिसले तर मार्ग बंद आहे.

श्वासमार्ग उघडण्यासाठी, मानेच्या इजेचा संशय नसेल तर एक हात कपाळावर ठेवून मान मागे करावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटीचे हाड उचलावे. अपघातग्रस्ताच्या बाबतीत डोक्याशी बसून दोन्ही हातांची बोटे जबड्याच्या कोनांमागे घालावीत आणि मान न हलवता जबडा पुढे उचलावा. तेवढ्याने मार्ग उघडला नाही, तर मान लागेल तेवढीच, हलकेच मागे करावी. मणक्याची काळजी घेताना रुग्ण गुदमरू देणे योग्य नव्हे. तान्ह्या बाळाचे डोके मोठे असल्यामुळे मान आपोआप पुढे वाकते, म्हणून त्याच्या खांद्यांखाली दुमडलेले कापड ठेवून चेहरा सरळ वर येईल असे पाहावे.

घशातले रक्त, उलटी ओढून काढणारी सक्शनची नळी नजरेला दिसते तिथपर्यंतच न्यावी आणि एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये. उलटी भरभरून येत असेल, तर रुग्णाला अखंड एका कुशीवर वळवणे अधिक लवकर साधते. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडातून घालायच्या एअरवेचे, म्हणजे वाकड्या पोकळ नळीचे, माप तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत घ्यावे. उमासा आला, तर तो तत्काळ काढून घ्यावा. दातखीळ बसली असेल, तर नाकातला एअरवे उपयोगी पडतो, मात्र चेहऱ्याला मोठी इजा किंवा कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरचा संशय असेल तर तो टाळावा.

अंबू बॅग, म्हणजे मास्कमधून हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, सोपी दिसते, पण सर्वाधिक चुका तिच्यातच होतात. एकट्याने मास्क धरून बॅग दाबण्यापेक्षा दोघांनी काम वाटून घ्यावे. एकाने दोन्ही अंगठे मास्कच्या कडांवर ठेवून उरलेली बोटे जबड्याच्या हाडाखाली अडकवावीत आणि मास्क खाली दाबण्याऐवजी चेहरा मास्ककडे उचलावा. बोटे हाडावरच राहावीत, कारण हनुवटीखालच्या मऊ भागावर ती रुतली तर जीभ वर ढकलली जाते. कवळी घट्ट बसलेली असेल तर ती तशीच ठेवावी, गालांना आधार मिळून मास्क नीट बसतो. दुसऱ्याने बॅग एका सेकंदात, छाती उचललेली दिसेल इतकीच दाबावी. प्रौढांच्या बॅगेत सुमारे दीड लिटर हवा मावते, पण एका श्वासाला 500 ते 600 मिलिलिटर पुरते. नाडी चालू असलेल्या प्रौढाला दर 6 सेकंदांनी एक श्वास द्यावा. घाबरलेला हात आपोआप वेगाने चालतो, म्हणून मोठ्याने मोजावे. जादा हवा पोटात जाऊन उलटी होते आणि छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते.

छाती उचलत नसेल, तर जोर वाढवू नये. आधी डोक्याची स्थिती, मग मास्कची कड, मग घशातला अडथळा, या क्रमाने पाहावे. एकच बाजू हलत असेल, बॅग कडक लागत असेल आणि रक्तदाब पडत असेल, तर छातीत दाबाने हवा कोंडल्याची शंका घ्यावी आणि सेवेच्या नियमावलीनुसार तत्काळ पुढचा उपाय करावा.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा रुग्णाच्या स्थितीपेक्षा उशिरा बदलतो. थंड बोटांवर तो फसतो आणि धुरात सापडलेल्या रुग्णात तो खोटा दिलासा देतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनयुक्तच मोजतो. प्रौढाचे श्वसन मिनिटाला साधारण 12 ते 20 असते. ते अंदाजाने न लिहिता किमान 30 सेकंद मोजावे. बहुतेक रुग्णांत ऑक्सिजनची पातळी 94 ते 98 टक्के ठेवावी, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या, रुग्णांत मात्र 88 ते 92.

श्वासनलिकेत नळी किंवा एअरवे बसवलेल्या रुग्णाला जमिनीवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून गाडीत आणि गाडीतून रुग्णालयाच्या खाटेवर नेताना प्रत्येक वेळी छाती पुन्हा पाहावी, दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावावा आणि कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) असेल तर त्याचा आलेख पाहावा. आलेख सपाट झाला, तर यंत्राला दोष देण्याआधी नळी जागची हलली आहे असेच धरून चालावे.