डोंगरात ट्रेलर ओढायचाय? मग पिकअपचा ॲक्सल रेशो असा निवडा

अमेरिकेत पिकअप घ्यायला गेलं की ३.३१, ३.५५, ३.७३, ४.१० असले आकडे समोर येतात आणि सेल्समन म्हणतो मोठा घ्या, टोइंगला (ट्रेलर ओढायला) बरा. अर्धंच खरंय ते. चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा, किती वेळा फिरतो, तो हा आकडा, म्हणजे ॲक्सल रेशो. जितका मोठा तितका चाकाला जोर जास्त, पण त्याच स्पीडला इंजिनही जास्त फिरतं, पेट्रोलही जास्त पितं.

सगळ्यात आधी वजन. ट्रेलर रिकामा नाही, पाणी, गॅस, सामान भरून किती होतो ते बघा. त्यातलं १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर येतं, आणि हे वजन अधिक घरची माणसं अधिक डिकीतलं सामान, सगळं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरच्या पेलोडमध्ये (गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते त्या आकड्यात) बसायला हवं. नाही बसलं तर रेशो कुठलाही घ्या, उपयोग शून्य.

मग कंपनीचं टोइंग गाइड उघडा आणि तुमचं इंजिन, तुमची कॅब, तुमचा रेशो अशी नेमकी ओळ शोधा. रॅम १५०० मध्ये तेच हेमी नावाचं व्ही-८ इंजिन ३.२१ ऐवजी ३.९२ ने घेतलं तर ओढायच्या वजनाची मर्यादा दोन-तीन हजार पौंडांनी वाढते.

आता डोंगर. कोलोरॅडोत डेन्व्हरहून आय-७० हायवेने पश्चिमेला गेलं की आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे, आपला खंडाळ्याचा घाट चढून माणूस जेमतेम दोन हजारावर येतो. बिनटर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश गायब! ही ताकद रेशो परत आणत नाही, टर्बो बरीचशी आणतो. म्हणून माझं मत, पैसे मर्यादित असतील तर आधी टर्बो, मग रेशो.

८ किंवा १० गियरचा ऑटोमॅटिक असेल तर ३.५५ पुष्कळदा पुरतो, कारण चढावर गिअरबॉक्स स्वतःच खालचा गियर शोधतो. जुन्या ४-६ गियरच्या ट्रकात गियरमधलं अंतर मोठं असतं, एकात इंजिन दमतं आणि खालच्यात किंचाळतं, तिथे ३.७३ किंवा ४.१० च घ्या. चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तरी मोठा आकडा कामी येतो.

टायर विसरू नका. ३१ इंचाचे काढून ३३ चे लावले की ३.७३ चा रेशो ३.५० सारखा वागायला लागतो.

उतार तर जास्त गंभीर, बोगद्यापासून पलीकडच्या सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत ७ टक्के उतार आहे आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याकडेला रॅम्प बांधलेत, यावरून काय ते समजा. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गियर बदलायची पद्धत बदलणारं बटण) लावा, उतरायच्या आधीच खालचा गियर घ्या, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. मोठ्या रेशोने इंजिन ब्रेकिंगही थोडं जास्त मिळतं.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) बऱ्याच जुन्या ट्रकांत ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर कोड असतात, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. नंतर रेशो बदलून घेणार असाल तर फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल एकाच रेशोचे करावे लागतात, म्हणजे खर्च जवळपास दुप्पट, आणि स्पीडोमीटरही नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो.