पडद्यामागच्या रंगकर्मींची संस्था इंदुरात कशी उभारावी

इंदुरातील मराठी नाटकाला जाणता प्रेक्षक लाभला, त्यात नाट्यभारतीसारख्या हौशी संस्थांचा आणि सानंद न्यासाच्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. मात्र टेम्पोतून सेट उतरवून तो दुपारपर्यंत उभा करणारे, दिवे टांगून त्यांचे कोन जुळवणारे, ध्वनीचे क्यू, म्हणजे कोणता आवाज कधी सोडायचा याचे इशारे, सांभाळणारे, रंगभूषा आणि वेशभूषा करणारे जे लोक या प्रयोगांमागे असतात, त्यांना एकत्र बांधणारे स्वतःचे व्यासपीठ हवे, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे. ब्रिटनमध्ये रंगमंच तंत्रज्ञांची संघटना 1961 साली स्थापन झाली, अमेरिकेत नेपथ्य आणि रंगतंत्राची संस्था त्याच्या एक वर्ष आधी निघाली, आणि नेपथ्यकार, नाट्यगृहांचे वास्तुविशारद व तंत्रज्ञ यांची आंतरराष्ट्रीय संघटना 1968 साली प्राग येथे आकाराला आली. आपल्या शहराला तेवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. पंचवीस-तीस माणसे विश्वासाने एकत्र आली तरी कामाला आरंभ करता येईल.

पहिला प्रश्न कामगार संघटना काढावी की नोंदणीकृत संस्था, हा आहे. कामगार संघटनेचे बळ ठराविक मालकाशी वाटाघाटी करण्यात असते. आपला माणूस आज मराठी प्रयोगाला असतो, उद्या हिंदी नाटकाला आणि परवा एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला. शिवाय आपल्याला काम देणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच हौशी असतात आणि पदरचे पैसे घालून नाटक करतात. म्हणून माझ्या मते मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली संस्था नोंदवणे अधिक योग्य ठरेल. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. ज्ञापन (संस्थेचे उद्देश सांगणारा दस्तऐवज) आणि नियमावली फर्म्स एवं संस्थाएं या खात्याच्या सहायक पंजीयकांकडे, म्हणजे साहाय्यक निबंधकांकडे, सादर करावी लागते, आणि हा व्यवहार हिंदीतून होतो. तेव्हा मसुद्यावरची चर्चा मराठीत करावी, पण अंतिम पाठ सरकारी हिंदी नीट जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा. नोंदणीनंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब देणे बंधनकारक असते, त्यामुळे खजिनदार निवडताना लोकप्रियतेपेक्षा वहीतली शिस्त पाहावी.

खरी कसोटी सदस्यत्वाच्या व्याख्येत आहे, आणि या कलमासाठी एक संपूर्ण बैठक राखून ठेवावी. नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांची नावे जाहिरातीत छापली जातात, राज्य नाट्य स्पर्धेत त्यांच्यासाठी स्वतंत्र पारितोषिकेही असतात. पण पडदा ओढणारा, लेव्हल (मंचावरचे उंच चौथरे) वाहून आणणारा किंवा प्रॉपर्टीचे, म्हणजे प्रयोगात हाताळायच्या वस्तूंचे, टेबल लावणारा माणूस श्रेयनामावलीत अनेकदा नसतो. नियमावलीत जर 'कलावंत सदस्य' आणि 'साहाय्यक सदस्य' अशी उतरंड आली आणि मताचा अधिकार पहिल्यांनाच मिळाला, तर ज्यांना संस्थेची सर्वाधिक गरज आहे तेच दाराबाहेर राहतील. म्हणून ठराविक काळात ठराविक संख्येने प्रयोगांना काम केलेल्या प्रत्येकाला समान मत असावे, मग तो पैसे घेऊन काम करो वा हौसेने. कार्यकारिणीत नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा-वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्था यांपैकी प्रत्येकातून निदान एक माणूस असावा, हेही नियमातच लिहून ठेवावे.

नोंदणीचे कागद पुढे सरकत असतानाच एका पानाचे कार्यपत्र तयार करावे, कारण सदस्यांना संस्थेचा उपयोग सर्वात आधी त्यातूनच कळेल. त्यात कामाचे स्वरूप, हजर राहण्याची आणि सुटण्याची वेळ, रंगीत तालमीचा दिवस मोबदल्यात धरला आहे की नाही, प्रयोग रद्द झाल्यास किती रक्कम मिळेल, सामानाची वाहतूक कोणाकडे, रात्री उशीर झाल्यास घरी पोहोचण्याची सोय कोणाची आणि श्रेयनामावलीत नाव कसे छापले जाईल, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. दर सर्वांसाठी एकच ठरवण्याचा आग्रह सुरुवातीला धरू नये, कारण हौशी संस्थेची आणि तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगाची ऐपत सारखी नसते. मात्र जे ठरेल ते कामाआधी लिहिले जाईल, याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. माझा अनुभव असा की बहुतेक भांडणे कमी पैशांवरून होत नाहीत; तोंडी बोललेले दोघांनी वेगवेगळे लक्षात ठेवलेले असते, त्यातून ती होतात.

याच पानाच्या मागे सुरक्षेची यादी छापावी. 1000 वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. असे बारा दिवे एकदम पूर्ण पेटवले की भार 52 अँपिअरच्या घरात जातो. त्यामुळे एकूण भार किती, नाट्यगृहाचा पुरवठा किती आणि भार फेजमध्ये कसा वाटला आहे, हे डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) जोडण्यापूर्वी लिहून काढण्याची सवय प्रत्येक सदस्याला लागली पाहिजे. अर्थिंग तपासलेले असावे, टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीव्यतिरिक्त सुरक्षा साखळी असावी, शिडीवर एक जण असताना दुसऱ्याने ती खालून धरलेली असावी, आणि ब्लॅकआउटमध्ये ज्या लेव्हलवरून नट उतरणार आहेत तिच्या कडेला चमकणारी पट्टी लावलेली असावी.

काही वर्षांपूर्वी प्रयोगाच्या आदल्या रात्री दिवे जोडताना माझा एक सहकारी शिडीवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. आयोजकांनी त्या दिवसाचे पैसे दिले. पुढचे दोन महिने त्याने उसनवारीवर काढले. हे आठवले की मदतनिधीचा विषय मी कधीच शेवटी ठेवत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता 20 रुपये आहे, 18 ते 70 वयोगटातील बँक खातेदार तिच्यात येऊ शकतात, आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमस्वरूपी अपंगत्वासाठी 2 लाख, तर अंशतः कायमस्वरूपी अपंगत्वासाठी 1 लाख रुपये मिळतात. प्रत्येक सदस्याने ती घेतलीच पाहिजे. पण मोडलेले मनगट बरे होईपर्यंतची बुडालेली कमाई तिच्यातून मिळत नाही. तो खड्डा भरण्यासाठी वर्गणीचा निश्चित हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि मदतीचा निर्णय तीन जणांनी आठवड्याच्या आत द्यावा, असा नियम करावा. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवरील नोंदणीही बैठकीतच मोबाइलवर करून घेता येते.

प्रशिक्षणासाठी फार खर्च लागत नाही. भोपाळला मध्यप्रदेश नाट्य विद्यालय आहे, तिथून शिकून आलेल्यांना बोलावता येईल; त्याहून जवळचा मार्ग म्हणजे शहरातील जुन्या मंडळींनी रिकाम्या मंचावर फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) जोडण्याची, गाठी मारण्याची आणि क्यूशीट (क्यूंची क्रमवार यादी) लिहिण्याची पद्धत नव्या मुलांकडून प्रत्यक्ष हाताने करवून घ्यावी.

पहिली बैठक शनिवार-रविवारी ठेवू नये, कारण त्या दिवशी आपली माणसे कुठल्या ना कुठल्या विंगेत असतात. सोमवारची दुपार बरी. येताना प्रत्येकाने मागच्या वर्षभरात केलेल्या प्रयोगांची यादी, तारखा आणि मिळालेली रक्कम लिहून आणावी. सदस्यत्वासाठी प्रयोगांची संख्या किती धरायची आणि वर्गणी किती झेपेल, हे त्या याद्या समोर ठेवूनच ठरवावे.