ओकच्या खुंटीने फळी कशी ठोकायची: १७व्या शतकातील इंग्लिश गोदीतली उमेदवारी

डेप्टफर्ड किंवा चॅटमच्या शाही गोदीत उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकणं, साधारण ७ वर्षांची. मजुरी लागे पोराच्या नावावर, पडे उस्तादाच्या हातात! जहाजाच्या फळ्या सांगाड्याला मुख्यतः लाकडी खुंट्यांनीच धरलेल्या असत, कारण ओक या कठीण लाकडातलं आम्ल लोखंडी खिळा खातं.

खुंटीसाठी सरळ रेषांचा (म्हणजे लाकडाचे तंतू सरळ असलेला), नीट सुकलेला ओक घ्या. करवतीने कापू नका, फोडा. कापताना रेषा तुटली की खुंटी ठोकतानाच मोडते. ओला ओक तर घेऊच नका. तो नंतर आक्रसतो, खुंटी सैल होते आणि तिथून पाणी शिरतं. सुका मात्र पाण्यात फुगून घट्ट बसतो.

त्या काळच्या गिरमिटाच्या (भोक पाडायच्या अवजाराच्या) टोकाला स्क्रू नसे, म्हणून आधी गोल पटाशीने खळगा करा, नाहीतर ते घसरतं. मग फळी आणि सांगाडा दोन्हींना आरपार भोक पाडा. खुंटी भोकापेक्षा किंचित जाड हवी. जड हातोड्याने ठोका, बाहेर उरलेलं टोक कापा, खुंटीच्या डोक्यात चीर पाडून ओकची पाचर मारा. पाचर फळीच्या रेषांना आडवी बसवा. रेषांच्या दिशेने मारली तर फळीच चिरते.