गीत लिहायला लागताना: ग्वाल्हेरातले माझे पहिले धडे

मी पहिलं गाणं लिहिलं ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीच्या गणपतीसाठी. शाळेपासून कविता करायची सवय होती, तेव्हा एक मुखडा (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग) आणि दोन अंतरे (मधली कडवी) म्हणजे एका रात्रीचं काम, असं धरून चालले होते. रात्रीत लिहून झालंही. सकाळी वही घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले. त्या घरी गाणं शिकवतात. त्यांनी पेटी पुढे ओढली, मोबाइलवर केरवा तालाचा ठेका लावला आणि पहिली ओळ म्हणायला घेतली: ‘अंगणात उतरली संध्याकाळ’. तीनदा म्हटली. तिन्ही वेळा ‘काळ’ ठेक्याबाहेर लोंबकळत राहिला.

"ओळ छान आहे गं," काकू म्हणाल्या, "पण ही वाचायची ओळ आहे. गाऊ कशी मी?"

मग त्यांनी मला पाटीवर शिकवावं तसं मोजायला शिकवलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट होत असेल तर त्या अक्षराच्या दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर त्याच्याही दोन. अंगणात सहा, उतरली पाच, संध्याकाळ सात. एकूण अठरा. केरवा आठ मात्रांचा, दोन आवर्तनं, म्हणजे ठेक्याचे दोन फेरे, सोळाची. जास्तीच्या दोन मात्रा बसणार कुठे?

त्या ओट्यावरच बसून मी शब्द फिरवले: ‘सांज उतरली अंगणात’. ‘सांज उतरली’ आठ, ‘अंगणात’ सहा. उरलेल्या दोन मात्रा काकूंनी ‘णा’ लांबवायला वापरल्या आणि ओळ समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, अलगद उतरली. पुढची ओळ मग ठेका ऐकता ऐकताच आली: ‘दिवा लागला तुळशीपाशी’. आठ आणि आठ. संध्याकाळची सांज झाली एवढाच काय तो बदल, पण मला गीतलेखन कळायला लागलं ते त्या सकाळी.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्याला मी आधी ठेका ऐकायला सांगते. तबल्याचं कुठलंही ॲप चालेल. केरवा संथ लयीत लावा आणि रोज त्यावर साध्या गद्य ओळी म्हणून पाहा, दुधाचा हिशेब म्हटलात तरी चालेल. आठवडाभरात कुठला शब्द समेवर येतोय ते कानाला आपोआप कळायला लागतं. मग दादरा घ्या, सहा मात्रांचा. ‘पावसात भिजत भिजत’ म्हणून बघा: पाव, सात, भिजत, भिजत, तीन तीन मात्रांचे चार तुकडे. ही ओळ केरव्यात कोंबली तर तिची सगळी चाल मोडते. रूपक तालाच्या सात मात्रांकडे मात्र घाईने जाऊ नका.

दुसरा धडा स्वरांचा. अंतऱ्याच्या शेवटी मी ‘जरासा थांब’ लिहिलं होतं आणि चाल तिथे नेमकी वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जाऊन थांबत होती. ‘ब’ला ओठ मिटतात, मग सूर धरायचा कशावर? काकूंचा आवाज तिथे गुदमरल्यासारखा झाला. ‘थांब ना जरा’ केलं. मात्रा त्याच आठ, अर्थ तोच, पण शेवटी मोकळा ‘आ’ मिळाला आणि काकूंनी तो सूर असा लावला की आतल्या खोलीतून काका बाहेर आले. तेव्हापासून चालीतली लांब सुरांची ठिकाणं मी आधी हेरते. तिथे आ, ए, ओ येतील असे शब्द शोधते. ठ, ट्ट, क्ष तिथून दूर ठेवते.

सिनेमाच्या गाण्यांत बहुतेकदा चाल आधी असते आणि संगीतकार ‘ला ला’ करून ती पाठवतो. अशी चाल आली की लगेच लिहायला बसू नका. कागदावर लांब सुराला आडवी रेघ मारा, श्वासाच्या जागी उभी. मगच शब्द. सरावासाठी एखाद्या जुन्या चालीवर आपले शब्द बसवायलाही हरकत नाही, मात्र ते वहीतच ठेवा. लोकांपुढे आणायचं तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. उलट बाजूने, आधी शब्द लिहूनही गाण्याचा विचार करता येतो. भा. रा. तांबे यांची अखेरची वर्षं ग्वाल्हेरात गेली, १९४१ साली ते इथेच वारले. त्यांच्या कवितांवर रागांची नावं दिलेली आढळतात. लिहितानाच कवीच्या कानात सूर होता, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

रचनेचं थोडक्यात सांगते. मुखडा पुन्हा पुन्हा येणार, म्हणून तो सोपा आणि एकदा ऐकून तोंडात बसेल असा हवा. अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकाशी जुळवा, म्हणजे गाणारा सहज परत येतो.

भाषेबद्दल मात्र जरा बोलायचं आहे. आपण ग्वाल्हेरचे लोक सर्रास ‘काय करून राहिलास’ म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांनी हसून दुरुस्त केल्यावर मी बरीच वर्षं असे प्रयोग खोडत आले. आता नाही खोडत. महाराज बाड्यावर, इथल्या बाजारचौकात, भेटलेल्या दोन मैत्रिणींचं गाणं असेल तर त्या बाड्यावरचीच मराठी बोलतील. भक्तिगीतात ते शोभणार नाही, तिथे वेगळे शब्द.

आणि आपलं नाव सांभाळा. माझं एक गाणं एका कार्यक्रमात माझ्या नावाशिवाय गायलं गेलं; ते प्रेक्षकांत बसून ऐकताना फार लागलं. गीत लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा असतो, नोंदणीची सक्ती नाही. तरी गाणं देताना ई-मेलने द्या, तारीख राहते. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गीताचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला, तर त्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. १९६९ पासून चालू असलेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशीच संस्था गीतकारांना सभासद करून घेते. गाणी प्रसिद्ध व्हायला लागली की तिथे अर्ज करा.

गाणारे शोधायला आपल्या गावात लांब जावं लागत नाही. १९१८ साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांना रागदारी येते, पण स्वतःचं म्हणावं असं नवं मराठी गाणं त्यांच्याकडे क्वचितच असतं. दोन मुखडे घेऊन जा, गायला सांगा आणि ते कुठल्या शब्दाशी अडखळतात तेवढं बघा. मी अजूनही पेन्सिलनेच लिहून नेते.